धावणारा मुलगा उभाच का दिसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आल्या की शाळाशाळांतून स्मरणचित्राचा, म्हणजे समोर काही न ठेवता आठवणीने चित्र काढण्याचा, सराव सुरू होतो. अचानक आलेला पाऊस, आठवडी बाजार, मैदानावरचा खेळ असे विषय फळ्यावर लिहिले जातात आणि एका तासात वर्गभर धावणारी मुले कागदावर उतरतात. त्यातली बरीचशी धावत नसतात, एक पाय मागे उचलून उभी असतात. पाठ फूटपट्टीसारखी ताठ, दोन्ही खांदे एका पातळीत, चेहरा थेट आपल्याकडे, आणि ज्या बाजूचा पाय पुढे त्याच बाजूचा हातही पुढे. चित्र थंड वाटते हे मुलांनाही कळते. म्हणून मग पाठीमागे चार आडव्या रेघा आणि टाचेखाली धुळीचा ढग.

‘मुलांचा हात अजून वळलेला नाही’ असे यावर सांगितले जाते. ते आम्हाला पटत नाही. याच मुलांचे वस्तुचित्र बघा. तांब्याच्या तोंडाचा लंबगोल बरोबर असतो, सावली जागच्या जागी असते. हात चांगला वळलेला आहे. चूक सुरुवातीच्या टोकाला आहे. तांब्या बाहेरच्या कडेपासून काढला तरी चालतो. माणूस कडेपासून काढायला घेतला, डोके, मग मान, मग खांदा असे खाली उतरत गेले, की तो पुतळा होतो, आणि बहुतेक वेळा पाय काढायला कागदही उरत नाही. हालचालीच्या चित्रात पहिला प्रश्न असतो वजनाचा: ते आत्ता कोणत्या पायावर आहे? हा प्रश्न वर्गात विचारला जात नाही, यासाठीच हे पत्र.

गवंडी भिंतीला ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) लावतो तसाच आकृतीला लावता येतो. गळ्याच्या खाली, दोन हासळ्यांच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडांच्या) मधे जी खाच असते तिथून ओळंबा सोडला असे समजायचे. माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा असेल तर तो दोन पावलांच्या मधे पडतो. सगळा भार एका पायावर असेल तर त्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ पडतो. मग बाकीचे आपोआप घडते. भाराच्या बाजूचे कमरेचे हाड वर चढते, मोकळ्या पायाच्या बाजूला कंबर उतरते आणि तोल सांभाळायला खांदे नेमके उलट कलतात. भाराच्या बाजूला कुशीवर वळी पडते, दुसरी बाजू ताणली जाते. एक बाजू दाबलेली, एक ताणलेली, एवढे दिसले की आकृती जिवंत वाटू लागते. मुलांच्या चित्रात दोन्ही कुशी सारख्याच लांबीच्या असतात.

ओझे आले की हिशेब बदलतो, कारण ओळंबा आता माणूस आणि ओझे या दोघांचा मिळून धरायचा. उजव्या हातात भरलेली बादली असेल तर धड डावीकडे कलते, डावा हात बाहेर फेकला जातो, उजवा खांदा खाली ओढला जातो. मुले माणूस सरळ काढतात आणि हातात बादली नंतर चिकटवतात. ती रिकामीच दिसते. कमरेवरच्या घागरीत कंबर घागरीकडे सरकते आणि छाती विरुद्ध बाजूला जाते. डोक्यावर पाटी असेल तर मान आणि पाठीचा वरचा भाग स्थिर राहतो, सगळा डोल कमरेखाली उतरतो. बाजाराच्या चित्रात या तीन बायका जरी नीट साधल्या तरी चित्र चालू लागते. उकिडवे बसण्यातही हीच गफलत होते. पावले जमिनीवर पूर्ण टेकवून उकिडवे बसायचे तर छाती गुडघ्यांवर पुढे यावीच लागते. धड टाचांच्या मागे सरळ उभे काढले तर तो माणूस पुढच्या क्षणी पाठीवर पडेल. चित्रातली अर्धी भाजीवाली मंडळी पडण्याच्याच बेतात असतात.

चालण्याबद्दल थोडे सविस्तर. एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक आवर्तन धरले, तर त्यातला सुमारे 60 टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि 40 टक्के हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी टेकलेले असतात तो काळ साधारण 20 टक्के. चित्रात चालणे वाचता येते ते याच क्षणी: पुढची टाच नुकतीच टेकलेली, पुढचा गुडघा जवळजवळ सरळ, मागचा पाय चवड्यावर, टाच उचललेली. एक पाय दुसऱ्याच्या जवळून पुढे जाताना जो क्षण येतो, तोही खराच. पण तो कागदावर लंगडीसारखा दिसतो. पाऊल सर्वात लांब पडलेले असते तेव्हा शरीराची उंची किंचित कमी होते, पाय जवळ आले की वाढते. म्हणून रस्त्यावरच्या गर्दीत सगळी डोकी एका पट्टीत ठेवली की मिरवणूक थिजते. आणि उजवा पाय पुढे तर डावा हात पुढे, हे तर सांगायलाच नको. तरी सांगतो, कारण स्मरणचित्रातली सर्वात जास्त दिसणारी चूक हीच आहे.

धावताना दोन्ही पाय एकाच वेळी टेकलेले कधीच नसतात. उलट प्रत्येक ढांगेत दोन्ही हवेत असण्याचा एक क्षण येतो. इथे ओळंबा पावलात पडू द्यायचा नाही. वेग घेणाऱ्याचा ओळंबा टेकलेल्या पावलाच्या पुढे पडतो, म्हणजे तो पडतो आहे आणि पुढचा पाय त्याला सावरणार आहे. थांबणाऱ्याचा मागे पडतो. वेग जमलेला, सरळ धावणारा माणूस मात्र फार थोडा झुकलेला असतो. त्याला रॉकेटसारखा आडवा काढायचे कारण नाही.

तोल दोघांत वाटला गेला की काय होते हे पाहायचे असेल तर फुगडीइतके चांगले उदाहरण नाही. स्मरणचित्रात फुगडी नेहमी येते आणि जवळजवळ नेहमी चुकते. दोन मुली समोरासमोर ताठ उभ्या, कोपरे वाकलेली, पायांत हातभर अंतर. ही फुगडी फिरणार नाही, ही नुसती हस्तांदोलनाची जोडी आहे. खऱ्या फुगडीत चारही पावले मधोमध एकवटलेली असतात, गुडघे आणि कोपरे जवळपास सरळ, हात एकमेकींत फुलीसारखे अडकलेले, आणि दोघींची धडे मागे रेललेली. प्रत्येकीचा ओळंबा तिच्या पावलांच्या मागे पडतो. हात सुटले तर दोघी उताण्या पडतील, आणि हीच भीती चित्रात दिसायला हवी. बाजूने पाहिले तर आकृती इंग्रजी ‘व्ही’सारखी होते. एक मुलगी जाड असेल तर ती कमी रेलते, बारीक मुलगी जास्त. वेण्या आणि परकराचे काठ बाहेर फेकले जातात, पण तेही शेवटी काढायचे. आधी वेण्या उडवून फुगडी फिरत नाही.

आता मोबाइलविषयी. अनेक घरांत पालक मुलाला फोटो काढून देतात आणि ‘हे बघून काढ’ म्हणतात. फोटो खोटे बोलत नाही, तरी चित्राच्या कामी येतोच असे नाही. या वादाला जवळजवळ दीडशे वर्षे झाली. 1878 मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीलगत 12 कॅमेरे ओळीने लावले आणि दौडणाऱ्या घोडीच्या मार्गात आडवे दोरे ताणून एकामागून एक फोटो घेतले. घोड्याचे चारही खूर एकदम जमिनीवरून सुटतात हे त्यात सिद्ध झाले. पण ते सुटतात पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधीचे चित्रकार, उदाहरणार्थ जेरिको याने 1821 मध्ये रंगवलेले एप्सम शर्यतीचे चित्र, पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून घोडे उडवत होते. शास्त्राने ते चूक ठरले. गंमत अशी की आजही जेरिकोचे घोडे धावताना दिसतात आणि मायब्रिजच्या अनेक फोटोंतला घोडा मधेच गोठल्यासारखा वाटतो. याच सुमारास फ्रेंच शिल्पकार रोदॅं याने चालणाऱ्या संत जॉनचा पुतळा घडवला. त्याची दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकलेली आहेत. चालताना असे होत नाही, मागची टाच उचललेली असायला हवी. पण नजर मागच्या पायाकडून पुढच्या पायाकडे जाते तेवढ्यात पाऊल पडून जाते. एका आकृतीत दोन क्षण मावले आहेत.

शाळेतल्या मुलाला एवढे तत्त्वज्ञान नको, पण एक सोपी सूचना त्यातून निघते: हालचालीचे टोक पकडा, मध्य नको. चेंडू फेकणाऱ्याचा हात पूर्ण मागे गेलेला, भार मागच्या पायावर. कुदळ डोक्याच्या वर, पाठ ताणलेली. घण उगारलेला. पुढे काय होणार हे बघणाऱ्याला कळते आणि उरलेली हालचाल तोच मनात पूर्ण करतो. मधल्या क्षणी हात शरीरासमोर आलेला असतो, आकार धडात बुडून जातो, तो नुसता काळा रंगवला तर काय चालले आहे ते ओळखूही येत नाही. ही चाचणी मुलांना फार आवडते: आकृती काळ्या रंगाने भरा, शेजाऱ्याला दाखवा, क्रिया ओळखता आली तर पुढे जा.

मोबाइल वापरायचाच असेल तर फोटोऐवजी दहा सेकंदांचे चित्रीकरण घ्यावे, चार-पाच वेळा पाहावे, फोन पालथा ठेवावा आणि मग काढावे. विषयाचे नावच स्मरणचित्र आहे. शिवाय मोठ्या माणसाने उभ्याने, जवळून काढलेल्या मुलाच्या फोटोत डोके मोठे आणि पाय बारीक येतात. मूल ते इमानेइतबारे उतरवते आणि गुण मात्र त्याचे जातात.

याच संदर्भात वारली चित्रांचा उल्लेख करावासा वाटतो, कारण आपल्या शाळांत वारली आकृत्या कुंड्यांवर, भिंतींवर, नक्षीच्या पट्ट्यांत सगळीकडे आहेत आणि मानवाकृतीच्या तासाला मात्र कोणी त्यांचे नाव काढत नाही. त्या आकृतीत दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे असतात. वरचा छाती, खालचा कंबर. मधे फक्त एक बिंदू. म्हणजे धड हे एक खोके नसून दोन वेगळे भाग आहेत आणि ते कमरेत एकमेकांविरुद्ध वळतात, हे शरीररचनेच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवतात ते इथे भिंतीवर तांदळाच्या पिठाने मांडलेले आहे. तारपा नाचाच्या वेटोळ्यात प्रत्येक आकृतीचा वरचा त्रिकोण खालच्यापेक्षा थोडा कललेला असतो, त्यावरच सगळा नाच उभा आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, 2011) यांच्या चित्रांतली जाळी ओढणारी, धान्य पाखडणारी माणसे बघावीत. चेहरा नाही, स्नायू नाही, बोटे नाहीत, आणि कोण थकले आहे ते कळते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी मान, कंबर, गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेला आहे. उभा आहे, तरी स्थिर नाही. सतराव्या लेण्यातल्या उडणाऱ्या अप्सरेच्या गळ्यातले मोत्यांचे सर एका बाजूला झुकले आहेत, वेग तेवढ्यावर कळतो. चित्रकार धुरंधर (1867–1944) यांनी रंगवलेली मुंबईच्या रस्त्यावरची माणसे पाठमोरी असली तरी खांद्यांच्या कलावरून ओळखू येतात. इतका जवळचा माल घरात असताना मुलांच्या हातात छापील पुस्तिकांतले साचे का द्यावेत?

त्या पुस्तिकांबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. त्यांत एक फुगेवाला असतो, एक टोपलीवाली, एक सायकलवाला मुलगा. मुले ते पाठ करतात आणि कोणत्याही विषयात बसवतात. जत्रेतला फुगेवाला पावसाच्या चित्रात छत्री धरून येतो. पाठ केलेली आकृती वळवता येत नाही, तिला दुसऱ्या कोनातून पाहता येत नाही, तिच्या हातात वेगळे वजन देता येत नाही. मूळ नमुन्यातच ओळंबा चुकलेला असेल तर सगळी शाळा एकाच बाजूला कलते.

याला पर्याय खर्चिक नाही. 35 मिनिटांच्या एका तासात जलद रेखाटनाचा सराव पूर्ण बसतो. वर्गातलाच एक विद्यार्थी मधे टेबलावर उभा राहतो, रोजच्या कपड्यांत. 30 सेकंदांच्या दहा पोझेस, मग एक मिनिटाच्या पाच, दोन मिनिटांच्या तीन आणि शेवटी पाच मिनिटांची एक. मिळून 21 मिनिटे. बाकीचा वेळ कागद वाटण्यात आणि मॉडेल बदलण्यात जातोच. वर उचललेला हात दोन मिनिटांत भरून येतो आणि हळूहळू खाली घसरतो, म्हणून अवघड पोझ 30 सेकंदांतच उरकावी. एका पायावर तर त्याहून जास्त वेळ कुणालाच उभे करू नये. उभे राहायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. लाजणाऱ्या मुलामुलींना ओढून टेबलावर चढवू नये; पोझ ताठ येते आणि वर्ग हसत बसतो.

एका मिनिटाच्या रेखाटनात क्रम असा धरावा. पहिली पाच सेकंद पेन्सिल टेकवायचीच नाही, नुसते बघायचे आणि भार कोणत्या पायावर आहे ते ठरवायचे. मग डोक्यापासून पाठीच्या कण्यावरून त्या पायाच्या टाचेपर्यंत एकच सलग रेषा. ती कधीही सरळ नसते, धनुष्यासारखी तरी असते किंवा नागमोडी. जी रेषा तुम्हाला दिसली त्यापेक्षा थोडी जास्त वाकवा, कारण पुढे तपशील भरताना हात तिला सरळ करतच नेतो. त्यावर दोन तिरक्या रेघा, खांद्यांची आणि कमरेची. छातीसाठी अंडाकृती, कमरेसाठी चपटी पेटी. मग हातपाय एकेका रेषेने. मोकळा हात सोडला तर कोपर कमरेच्या पातळीत, मनगट जांघेच्या, बोटांची टोके मांडीच्या मध्यावर येतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे. डोक्याचा गोल शेवटी. नाक-डोळे नाहीत. खोडरबर दप्तरात. रेषा चुकली तर तिच्याच शेजारी दुसरी ओढायची, पहिली तशीच राहू द्यायची.

प्रमाणाविषयी एकच टीप: मोठा माणूस सुमारे साडेसात डोक्यांचा धरतात आणि त्याचा मध्य जांघेपाशी येतो. दहा वर्षांचे मूल साधारण सहा ते साडेसहा डोक्यांचे, चार वर्षांचे पाच. मुले स्वतःच्या वयाची मुले काढताना लहान मापाचे बाप्ये काढतात.

साहित्य साधे. न्यूजप्रिंट, म्हणजे ज्यावर हे पत्र छापले जाईल तोच कागद, कोरा असताना स्वस्त पडतो आणि वाया गेला तर जीव हळहळत नाही. त्यावर 4बी किंवा 6बी पेन्सिल. एचबी टोकदार असते, मऊ कागदात रुतते आणि मग मुले एका रेषेऐवजी पन्नास केसाळ तुकडे जोडतात. पेन्सिल टोकापासून लांब धरावी, हालचाल मनगटातून न होता कोपर आणि खांद्यातून व्हावी. शाळेच्या बाकावर आडव्या ठेवलेल्या कागदाचा तोटा कोणाच्या लक्षात येत नाही: कागदाची वरची बाजू डोळ्यांपासून दूर जाते, आखूड दिसते, आणि नकळत आकृतीचा वरचा भाग लांबवला जातो. बोर्ड मांडीवर घेऊन बाकाच्या कडेला टेकवला की हा दोष निम्मा जातो.

कपड्यांबद्दल थोडक्यात. चुण्या ताणाच्या जागेपासून पसरतात: खांदा, कोपर, गुडघा, कंबर. त्या जागा न शोधता मारलेल्या रेघा आकृतीचा वेग खातात. नऊवारीत कासोट्यामुळे दोन पाय वेगळे कळतात, म्हणून काम करणारी बाई नऊवारीत काढणे सहावारीपेक्षा सोपे जाते. सहावारीत पुढचा गुडघा निऱ्यांना ढकलतो ती एक घडी सापडली की बाकी रंगाने भागते.

परीक्षकांना विनंती अशी की गुळगुळीत रंगकामाआधी आकृती उभी राहते का, हे पाहावे. पाठ केलेला नीटस फुगेवाला आणि थोडी वेडीवाकडी पण खरोखर ओढत असलेली रहाटावरची बाई यांत दुसरी वरच्या श्रेणीची आहे. मुलांनीही उत्तरपत्रिकेवर हात घालण्याआधीची दहा मिनिटे कच्च्या कागदावर काडेपेटीएवढ्या चौकटींत आकृत्या मांडून पाहण्यात घालवावीत. रंग भरायला वेळ कमी पडेल ही भीती असते. प्रत्यक्षात चुकलेली आकृती रंगाखाली लपवण्यात याहून जास्त वेळ जातो.

आणि मुख्याध्यापकांकडे एक मागणी आहे, तिला एक पैसाही लागत नाही. आठवड्यातून एकदा चित्रकलेचा तास आणि दुसऱ्या वर्गाचा खेळाचा तास एकाच वेळी लावावा, आणि चित्रकलेचा वर्ग मैदानाच्या कडेला बसवावा. खो-खो चालू असेल तर उत्तमच. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण चौकोनांत उकिडवे बसलेले असतात, ती बसकी मॉडेल्स. नववा धावत असतो. खांबाला हात लावून वळणारा खेळाडू संपूर्ण आत झुकतो, ओळंबा कुठल्या कुठे जातो, आणि हेच पुन्हा पुन्हा घडते. परत येणारी हालचाल हाच नवशिक्याचा आधार: एका कागदावर तीन आकृत्या सुरू करायच्या, बसलेला, उठणारा, खांबावर वळणारा, आणि जी पोझ समोर परत येईल तिच्यात भर घालत जायची. लेझीम, करवतीचे काम, कपडे धुणे यांनाही हीच पद्धत लागू पडते. वेळापत्रके शाळा उघडतानाच ठरतात. मैदान मोकळे असलेला तास तेव्हाच राखून ठेवावा, नंतर तो गणिताकडे जातो.

आपले,
शालेय कलाशिक्षकांचा एक गट